सिंगापूर: नकाशा नको, घड्याळ बघा

दिवाळीनंतरच्या सहलींचं नियोजन सुरू झालं की सिंगापूरबद्दलची पत्रं वाढतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरं देत आहोत.

तीन दिवस हातात आहेत. सोबत सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. लिटल इंडिया, चायनाटाउन आणि अरब स्ट्रीट एका दिवसात होतील का? (पुणे)

मेट्रोने तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, त्यामुळे होतील. पण दारं बंद सापडतील. इथली हिंदू मंदिरं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. अरब स्ट्रीटजवळच्या सुलतान मशिदीत पर्यटकांना साधारण दहा ते बारा आणि दोन ते चार एवढाच वेळ आत सोडतात, शुक्रवारी तर नाहीच. शिवाय अकरा ते तीन या वेळात दमट उकाडा असा असतो की आईवडील चालायला तयार होणार नाहीत. म्हणून तीन वस्त्यांसाठी दोन सकाळी आणि एक दुपार ठेवा.

पहिल्या सकाळी लिटल इंडिया. आठ वाजता टेक्का सेंटरमध्ये नाश्ता करा. तळमजल्यावर एका बाजूला मासळी-मटणाचा बाजार आहे. वास सहन होत नसेल तर खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजूने आत शिरा. तिथून सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मन मंदिर आणि कॅम्पबेल लेनवरचं इंडियन हेरिटेज सेंटर. हे सेंटर वातानुकूलित आहे, म्हणून ते शेवटी ठेवा. करबाऊ रोडवर १९०० साली बांधलेलं टान टेंग निआ यांचं रंगीबेरंगी घर दिसेल. घर चिनी व्यापाऱ्याचं आणि उभं आहे लिटल इंडियात! म्हणून वस्त्यांच्या नावांवर फार विसंबू नका. रविवारी संध्याकाळी इथे सुट्टीवरच्या कामगारांची प्रचंड गर्दी असते. ती पाहण्यासारखी आहे खरी, पण वृद्धांना घेऊन नव्हे.

दुसऱ्या सकाळी चायनाटाउन, पण सुरुवात चायनाटाउन स्टेशनापासून करू नका. तेलोक आयर स्टेशनावर उतरा. तेलोक आयर स्ट्रीट ही एके काळी समुद्राची कड होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भराव घातल्यावर समुद्र दूर गेला. जहाजातून उतरलेले लोक सुखरूप पोचल्याबद्दल इथेच हात जोडत. त्यामुळे नागोर दर्गा, हॉक्किएन चिनी लोकांचं थिआन हॉक केंग मंदिर आणि अल-अब्रार मशीद ही तिन्ही पाच मिनिटांच्या चालीत सापडतात. तिथून साउथ ब्रिज रोडवर साडेअकराच्या आत पोचा, म्हणजे मारिअम्मन मंदिर उघडं मिळेल. चायनाटाउनच्या ऐन मध्यात असलेलं हे सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. ब्रिटिश सिंगापूरचा पाया घालणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सबरोबर १८१९ मध्ये आलेल्या नारायण पिळ्ळै यांनी ते १८२७ मध्ये उभारलं. सेरंगून रोडची भारतीय वस्ती गुरांच्या व्यापाराभोवती नंतर वाढली. साउथ ब्रिज रोडवरच जामे मशीद आणि २००७ मध्ये झालेलं बुद्धदंत मंदिरही आहे. बुद्धदंत मंदिरात लिफ्ट आहे आणि गच्चीवरच्या बागेत बसायला जागा आहे. आईवडिलांना तिथे अर्धा तास बसू द्या.

अरब स्ट्रीटसाठी बुगिस स्टेशनावर अडीचच्या सुमारास उतरा आणि आधी मशीद पाहा. खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर अंगावर घालायला झगा मिळतो. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी काळा पट्टा दिसेल. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांनाही बांधकामात वाटा देता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या. मुलाला हे आधी सांगून ठेवा, तो मान वर करून शोधत बसेल. मग बसोरा स्ट्रीट, आणि ऊन उतरल्यावर हाजी लेन.

एक सावधगिरी. जुन्या दुकानांपुढे छप्पर असलेली पायवाट असते. १८२२ च्या रॅफल्सच्या नगररचनेपासून ती सक्तीची होती. पावसात ती वरदानच, पण प्रत्येक दुकानापुढे तिची पातळी बदलते. मध्येच चार-सहा इंचांची पायरी येते. मोबाइल बघत चालणारे आणि चष्मा बदलायला झालेले ज्येष्ठ तिथेच अडखळतात.

आम्ही शाकाहारी. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगितलं की पुरतं का? (सांगली)

नाही. हॉकर सेंटरमधला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्सपैकी एखादा, स्टॉलवाला ‘मांसाचे तुकडे नाहीत’ एवढाच अर्थ घेऊ शकतो. अडचण रश्शात आणि सॉसमध्ये असते. लाक्साच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट नूडल्सच्या, वाटणात सुकी कोळंबी असते. मलाय पद्धतीच्या मिरचीच्या ठेच्यात, म्हणजे सांबलमध्ये, कोळंबीचा आंबवलेला गोळा घालतात. त्याला बेलाचान म्हणतात. फळांच्या रोजाकवरचं, म्हणजे मिश्र सॅलडवरचं, काळं, गोडसर दिसणारं सॉसही कोळंबीचंच. भाज्या परतताना ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचं सॉस, पडतो. ‘कॅरट केक’ नावाचा पदार्थ गाजराचा नाही आणि केकही नाही: तांदळाचं पीठ आणि पांढऱ्या मुळ्याच्या वड्या अंड्यात परततात, बऱ्याचदा डुकराच्या चरबीवर. काया टोस्टमधला हिरवट जॅम नारळाचा असला तरी त्यात अंडी असतात. रोटी पराटा स्वतः निरुपद्रवी, पण सोबतची वाटी मासळीच्या किंवा मटणाच्या रश्शाची येते. ‘डाल करी’ असं आधीच सांगा.

म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन पेस्ट, नो एग’ असं एकेक नाव घेऊन विचारा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पूर्ण शाकाहारी स्टॉल गाठणे. सासूबाईंसाठी तर चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल हीच पहिली पसंती ठेवा. बौद्ध परंपरेत कांदा, लसूण, पातीचा कांदा हे वर्ज्य असतात, त्यामुळे तिथे ते सहसा नसतातच. तिथल्या ताटात हुबेहूब बदकासारखा किंवा माशासारखा तुकडा दिसला तर दचकू नका. तो गव्हाच्या ग्लुटेनचा किंवा सोयाबीनचा असतो. अंडं मात्र विचारून घ्या. मिडल रोडवरच्या फॉर्च्युन सेंटरमध्ये अशी बरीच दुकानं एकत्र आहेत. चिनी पंचांगातल्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी साडेअकरालाच जा, नाहीतर रांगेत उभं राहावं लागेल. घरच्यासारखं दाक्षिणात्य जेवण हवं असेल तर सेरंगून रोडवर १९४७ पासून चालणारं कोमला विलास आहेच.

गोडासाठी ओंदे-ओंदे जरूर खा. चिकट तांदळाच्या हिरव्या गोळीत ताडगुळाचा पाक, वरून ओलं खोबरं. उकडीच्या मोदकाचा दूरचा नातेवाईक म्हणा. पूर्ण गोळी एकदम तोंडात टाका, अर्धी चावली तर पाक शर्टावर.

कॉफी मागताना: नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कची, फार गोड येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. ‘कोपी-सी’मध्ये आटवलेलं, बिनसाखरेचं दूध आणि वेगळी साखर. साखर अजिबात नको असेल तर शेवटी ‘कोसोंग’ जोडा, कमी हवी तर ‘सिऊ दाय’. मधुमेह असलेल्यांनी ‘कोपी-ओ कोसोंग’ पाठ करून जावं. आल्याच्या चहाला ‘तेह हालिया’ म्हणतात, तोही गोडच.

हॉकर सेंटरमध्ये टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, उचलून बाजूला ठेवू नका. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः परत नेऊन ठेवा. २०२१ पासून याची अंमलबजावणी होते: पहिल्यांदा समज, नंतर दंड.

मेट्रोसाठी पास घ्यावा की बँकेचं कार्ड चालेल? (ठाणे)

परदेशात संपर्करहित व्यवहार सुरू केलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर टेकवता येतं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागेल; एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. परदेशी कार्डावर वापराच्या दर दिवशी ६० सेंट जादा लागतात, वर तुमच्या बँकेचं परकीय चलन शुल्क. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच खात्याचा मोबाइल वापरला तर यंत्र ती दोन वेगळी साधनं धरतं आणि जास्तीत जास्त भाडं कापतं. हा घोटाळा फार जणांचा होतो. तीनपेक्षा जास्त दिवस राहणार असाल किंवा मुलांकडे कार्ड नसेल तर आधी पैसे भरून वापरायचं ईझी-लिंक प्रवासकार्ड बरं. गाडीत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर आधी १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर लागतो. १०० डॉलरचं जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडतं. हॉकर सेंटरमध्ये ही भानगड नाही. तिथे मात्र थोडी रोकड ठेवा, जुने स्टॉलवाले अजून तीच मागतात.

मुलगी तिथे नोकरीला आहे. तिच्यासाठी फराळ आणि मसाले न्यायचे आहेत. काही अडचण? (नागपूर)

खसखस नेऊ नका. मॉर्फिनच्या अंशामुळे ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. म्हणजे सुटी खसखस तर नाहीच, पण अनारसे आणि खसखस घातलेल्या सारणाच्या करंज्याही घरीच ठेवलेल्या बऱ्या. मसाला दळून आणला असेल तर त्यात काय आहे ते आठवून पाहा. गुटखा, खैनी, जर्दा यांवर पूर्ण बंदी आहे. बरोबरच्या काकांच्या खिशातली पुडी विमानतळाआधीच टाकायला लावा. ई-सिगारेट बाळगणंही गुन्हा. सिगारेटला करमाफी नाही, एक असली तरी जाहीर करावी लागते. च्युइंगगम नको.

प्रवेशासाठीचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं शोधात सर्वांत वर येतात. आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा वेगळा लागतो.

नेहमीच्या यादीबाहेरचं एकच ठिकाण सुचवायचं झालं तर? (रत्नागिरी)

वॉटर्लू स्ट्रीट. क्वान यिम देवीचं चिनी मंदिर आणि त्याच्या शेजारीच श्रीकृष्ण मंदिर. देवीचं दर्शन घेतलेले चिनी भाविक सर्रास कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावतात. हे पर्यटकांसाठी मांडलेलं नाही, म्हणून पाहण्यासारखं. क्वान यिम मंदिरात आत फोटो काढायला मनाई आहे. त्याच रस्त्यावर १८७८ मधलं ज्यूंचं सिनेगॉगही आहे, मात्र तिथे सहज आत जाता येत नाही.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालून सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल गाठा. ते हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमातून उभं राहिलं. मुंबई इलाख्यातले कैदीही त्या काळी सिंगापूरला धाडले जात. भिंतींचा गिलावा शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र कुटून, नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्यात कालवून केलेला आहे. जवळून पाहिलात तर त्याची तुकतुकी अजून जाणवते.

गार्डन्स बाय द बेचा रोषणाईचा कार्यक्रम आणि मरीना बेचा पाण्याचा खेळ एकाच संध्याकाळी जमेल? (नाशिक)

जमेल, आणि दोन्ही फुकट आहेत. गार्डन्स बाय द बेमधल्या सुपरट्री, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांखालचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, जेमतेम पंधरा मिनिटांचा. पावणेआठचा पाहून निघालात की मरीना बे सँड्स हॉटेलसमोर नऊचा खेळ आरामात गाठता येतो. सुपरट्रीखाली खुर्च्या शोधू नका, जमिनीवर आडवे होऊन वर बघा. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचे दिवस. विजा कडाडू लागल्या की कार्यक्रम थांबवतात. तेव्हा पावणेआठचा हुकला तर पावणेनऊपर्यंत तिथेच थांबा आणि मरीना बे दुसऱ्या रात्रीवर ढकला.