'रन' म्हणजे फक्त धावणं नव्हे

इंग्रजी शिकताना तुम्ही 'रन' (run) या शब्दाचे अर्थ वहीत लिहून पाठ करत असाल, तर ते आधी थांबवा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६०० हून जास्त अर्थ मोजलेत. वह्या पुरायच्या नाहीत.

आपलं 'लागणे' आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाटही लागते. हे कुणी पाठ केलं होतं? सोबतचा शब्द अर्थ सांगतो. 'रन'चंही तसंच. नाक 'रन' होतं तेव्हा ते वाहतं, कपड्याचा रंग 'रन' होतो तेव्हा तो सुटतो, दुकान 'रन' करणारा ते चालवतो. म्हणून सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा.

खरी गोची पुढे जोडलेल्या शब्दांची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेब म्हणाले, "वी हॅव रन आउट ऑफ मिल्क." क्रिकेटवेडं डोकं! मला वाटलं, कुणीतरी रनआउट झालं. दूध संपलं होतं, आणि मी स्कोअर विचारला. 'रन इंटू' म्हणजे कुणी अचानक भेटणं. पण गाडी झाडात 'रन इंटू' झाली तर ती धडकलेली असते. सध्या एवढे दोनच घ्या.