विषाणूने रूप बदलले की विषाणूचे रूप बदलले?

विट्याच्या एका शिक्षिका बाईंनी विचारले आहे: मुलांच्या वहीत ‘विषाणूने आपले रूप बदलले’ आणि ‘विषाणू उत्क्रांत झाला’ अशी दोन्ही वाक्ये येतात. त्यांतले बरोबर कोणते? आणि ‘विषाणूमुळे मानवजात नामशेष होईल का’ या वाक्यात ‘नामशेष’ चालेल का?

बाई, पहिल्या वाक्यात छोटीशी दुरुस्ती पुरेल. ‘ने’ खोडा, ‘चे’ लिहा, आणि ‘आपले’ काढून टाका. ‘बदलणे’ हे क्रियापद मराठीत सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘पोराने सदरा बदलला’ आणि ‘वारं बदललं’, दोन्ही आपण सहज बोलतो. पण ‘ने’ लागला की करणारा आला, आणि करणाऱ्यामागोमाग त्याचा हेतू आला. मग मूल पुढच्या ओळीत बिनदिक्कत लिहिते, ‘लसीला चकवण्यासाठी त्याने असे केले.’ विषाणू काही चकवत नाही. पेशीत शिरल्यावर त्याच्या प्रती निघतात आणि प्रत काढताना त्याच्या जनुकीय मजकुरातली अक्षरे चुकतात, एवढेच घडते. फ्लूच्या विषाणूत अशी साधारण १३,५०० अक्षरे असतात आणि नक्कल करणाऱ्या विकराला (म्हणजे एन्झाइमला) मुद्रितशोधन ठाऊक नाही. करोनाच्या विषाणूत जवळपास ३०,००० अक्षरे, पण त्याच्याकडे चूक पकडणारे विकर आहे. म्हणून अक्षरामागे चुका कमी. या चुकीला ‘उत्परिवर्तन’ म्हणतात. बहुतेक चुका फुकट जातात: प्रत निकामी होते, किंवा काही फरकच पडत नाही. एखादीच उपयोगी पडते.

हे समजावायला तासगावची द्राक्षबाग पुरे. थॉमसन या द्राक्षवाणाच्या वेलीवर एखाद्या डोळ्यात (काडीवरच्या कोंबात) बदल होतो आणि त्या काडीला लांब मणी लागतात. बागायतदार ती काडी हेरतो, तिची कलमे बांधतो आणि नवे वाण उभे राहते. सोलापूरकडच्या नान्नजचा सोनाका असाच थॉमसनमधून निघाला, आपल्याकडचा तास-ए-गणेशही थॉमसनचाच. डोळ्यातला बदल म्हणजे उत्परिवर्तन. काडी हेरणे म्हणजे निवड. पुढे शिवारभर तेच वाण दिसू लागले की वेलींची जात पालटली. ‘वेलीने ठरवून मणी लांब केले’ असे कोणी बागायतदार म्हणणार नाही. विषाणूच्या बाबतीत मात्र आपण सगळे तसेच बोलतो. इथे काडी हेरणारा माणूस नसतो, हा फरक मुलांना सांगावा. आपली प्रतिकारशक्ती, लस, औषध, माणसांची गर्दी यांतून जी प्रत निभावते तिच्याच प्रती वाढतात.

आता दुसरे वाक्य. उत्परिवर्तन एका प्रतीत होते, उत्क्रांती समूहाची होते. एकटा विषाणू कधीच उत्क्रांत होत नाही. मराठीत ‘तो विषाणू’ आणि ‘ते विषाणू’ हे रूप एकच, त्यामुळे चूक लपून राहते. विभक्ती लागली की उघडी पडते. ‘विषाणूची उत्क्रांती’ नको, ‘विषाणूंची उत्क्रांती’ लिहा. तो अनुस्वार शोभेचा नाही. ‘उत्क्रांती’तल्या ‘उत्’मुळे काहींना वर चढणे, सुधारणे असे वाटते. शब्द रुळला आहे, तो बदलू नये. पण विषाणू सौम्य झाले तरी उत्क्रांती आणि जहाल झाले तरी उत्क्रांतीच, हे सांगून ठेवावे.

विषाणूंच्या एका विशिष्ट वंशासाठी ‘वाण’ हा आपला शेतातला शब्द मला पसंत आहे. मात्र ‘वाण’ आणि ‘प्रकार’ यांची सरमिसळ नको. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्याला अडवत नाही. म्हणून आपल्याकडे गुरांना देतात त्या लशीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार घालावे लागतात. त्या प्रत्येक प्रकारात पुन्हा निरनिराळी वाणे असतात.

फ्लूला तर चुकांखेरीज आणखी एक वाट आहे. त्याची अक्षरे आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच डुकराच्या पेशीत दोन वेगळे फ्लू एकदम शिरले तर पत्ते पिसावेत तसे तुकडे मिसळतात आणि माणसाच्या शरीराला साफ अनोळखी विषाणू बाहेर पडतो. २००९ चा स्वाइन फ्लू अशाच पिसण्यातून आला. इथे ‘उत्परिवर्तन’ हा शब्द अपुरा पडतो. ‘तुकड्यांची अदलाबदल’ असे सरळ लिहावे.

राहिला ‘नामशेष’. ज्याचे फक्त नाव उरले तो नामशेष. देवीच्या रोगाला हा शब्द चपखल बसतो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचे जाहीर केले, पण जुन्या माणसांच्या तोंडी ‘देवी काढणे’ (म्हणजे देवीची लस टोचणे) राहिले. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये तशीच गेली. (देवीचा विषाणू मात्र अमेरिका आणि रशियातल्या दोन प्रयोगशाळांत अजून जपून ठेवला आहे. रोगाचे निर्मूलन झाले, विषाणूचा शेवट झालेला नाही.) मानवजात गेली तर तिचे नाव घ्यायला कोण उरणार? अर्थ काटेकोर धरला तर हा शब्द तिथे बसत नाही. ‘निर्वंश’ बसतो, पण त्याला शिव्याशापांचा वास आहे. वहीत ‘मानवजातीचा अंत’ पुरे.

तो अंत विषाणू करू शकेल का? १९१८ च्या फ्लूला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५.२१ कोटी माणसे होती, १९२१ मध्ये २५.१३ कोटी, दुष्काळ आणि प्लेगही त्यात होते, पण सर्वांत मोठा घाव मानमोडीचा. एवढे होऊनही माणसाची जात टिकली. रोगाने अख्खी प्रजाती गेल्याची उदाहरणे बहुधा लहान, कोंडलेल्या समूहांची आहेत. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचा एक उंदीर १९०० च्या सुमारास जहाजांतून आलेल्या उंदरांच्या रोगाने संपला, आणि तो रोगही विषाणूचा नव्हता. आठशे कोटी माणसे सगळ्या खंडांवर पसरलेली असताना प्रत्येकाला गाठेल आणि प्रत्येकाला मारेल असा विषाणू घडणे फार अवघड. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण तो माणसातून माणसात पसरत नाही. गोवर झपाट्याने पसरतो, पण बहुतेकांना सोडून देतो.

पण म्हणून ‘विषाणू आपोआप सौम्य होत जातो’ हे वाक्यही मुलांच्या गळी उतरवू नका. ऑस्ट्रेलियात १९५० साली सशांवर मिक्सोमाचा विषाणू सोडला, तेव्हा शंभरातले नव्व्याण्णवांहून जास्त ससे मरत. काही वर्षांत मवाळ वाणे पुढे आली, कारण आजारी ससा जास्त दिवस जगला की त्याला डास जास्त चावत आणि विषाणू पुढे जाई. ससेही काटक झाले. मग त्या काटक सशांत पुन्हा जहाल वाणे दिसू लागली. देवी तर शेकडो वर्षे माणसात राहूनही दहांतल्या सुमारे तिघांना नेत असे. सौम्यपणाने पसरणे सोपे झाले तरच सौम्य वाण पुढे सरकते.

शुद्धलेखनाचे एक राहिले. ‘विषाणू’ सुटा असताना ‘णू’ दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: विषाणुजन्य, विषाणुशास्त्र. प्रत्यय लागल्यावर मात्र पुन्हा दीर्घ: विषाणूमुळे, विषाणूंचा.