आयर्लंडमध्ये लहानपण गेलेल्यांना सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे तिथल्या संत पॅट्रिकचा सण, म्हटलं की काय आठवतं?

मला आठवते स्वेटरला लागलेली ओली माती.

बाबांची नोकरी काउंटी क्लेअरमधल्या एनिसला होती, त्यामुळे माझी प्राथमिक शाळा तिथलीच. त्या सणाला, 17 मार्चला सकाळी, छातीवर सेफ्टी पिनेनं शॅमरॉक, म्हणजे तीन-तीन पानांचं इवलंसं रोप, लावायचा. खराखुरा, मुळांसकट. दुपारपर्यंत तो शिळ्या मेथीसारखा मान टाकायचा.

एका वर्षी सांगलीहून आजी आली होती. तिनं तो जुडगा हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर आंबुशी! हिची भाजी करतात." तीन पानांवरून सेंट पॅट्रिकनं त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, समजावलं, असं शाळेत शिकवलेलं, म्हणून मी ओरडलो, "आजी, ते देवाचं आहे!" तोवर एक पान तिच्या तोंडात गेलेलं. "आंबट नाही. मग आंबुशी नव्हे." विषय संपला.

पुढे कळलं की शॅमरॉक म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा वाद जुनाच. 1893 मध्ये नॅथॅनिएल कोल्गन या आयरिश निसर्ग-अभ्यासकांनी देशभरातून लोकांकडून 'अस्सल' शॅमरॉकची मुळांसकट रोपं मागवली आणि फुलं येईपर्यंत वाढवली. बहुतेक निघाली पिवळ्या किंवा पांढऱ्या फुलांची क्लोव्हर, आंबुशी नाहीच. क्लोव्हर आणि मेथी एकाच कुळातली, म्हणजे माझी उपमाही फुकट गेली नाही.

या दिवशी हिरवी बिअर, हिरवा रंग टाकलेली नदी ही अमेरिकेची हौस. आमच्या गावच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर, फायर ब्रिगेडची गाडी, काठ्या घेतलेली हर्लिंगची (आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची) पोरं आणि वर भुरभुर पाऊस. आमच्या शाळेच्या ट्रेलरवर कापसाची दाढी लावलेला पॅट्रिक, दंतकथेत त्यानं आयर्लंडमधून हाकलले तसे, साप हाकलायचा. मी सलग दोन वर्षं साप होतो. आईनं आत दोन स्वेटर चढवल्यामुळे खरं तर अजगर.

पण पोरांचं खरं लक्ष चॉकलेटवर. ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपवासाच्या काळात, मित्रांनी गोड सोडलेलं असायचं आणि त्या एका दिवशी सूट मिळायची. चंद्र दिसल्यावर चतुर्थीचा उपास सोडावा तशी पोरं तुटून पडायची. मीही त्यांच्या बरोबरीनं.

आजीनं विचारलंच, "तू रे कसला उपास केला होतास?"