लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमच्या आठवणी लिहायला अॅपमध्ये कोणती सोय हवीच?

मागची तारीख टाकता येणं आणि फोटो जोडता येणं, या दोन सोयी हव्यातच. रेटिंगचे तारे नसले तरी चालतं. सांगलीत आमच्या घरातली गेमची कार्ट्रिजं २०१९ च्या पुरात गेली, तेव्हापासून मी अशा नोंदी ठेवतोय. ‘डे वन’ या डायरीच्या अॅपमध्ये नोंदीला जुनी तारीख देता येते, शिवाय मागच्या वर्षांतल्या त्याच दिवशीच्या नोंदी समोर येतात. नुसतं ‘कॉन्ट्रा खेळलो’ लिहू नका. कार्ट्रिजमध्ये फुंकर कोण मारायचं, दुसरा रिमोट कोणाकडे असायचा, ते लिहा. पुढं वाचताना जीव त्यातच अडकतो. मात्र नोंदी पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का, ते आधीच तपासा. अॅप बंद पडलं तर सगळं त्यासोबत जाईल.