मंगळवारी हरल्यावर

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. विद्यापीठाच्या टेनिस स्पर्धेत पहिला आलास, पेपरात फोटो आला, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं कुंद्याचे पैसेही घेतले नाहीत म्हणे. झकास. आता तुझा प्रश्न : 'सर, प्रोफेशनल व्हायचंय, शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा सोडू का?' सोडू नकोस. परीक्षा संपेल तेव्हा पाऊस दारात असेल, आणि आपल्या मातीच्या कोर्टावर दसऱ्यापर्यंत तसंही शेवाळच असतं. एवढी घाई कसली रे?

सोमदेव देववर्मनचं उदाहरण तूच दिलंस, पण अर्धंच. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा त्यानं अमेरिकेतलं कॉलेज अजिंक्यपद मिळवलं, हे खरं. पण पहिल्यांदा जिंकल्यावर तो पळाला नाही. चार वर्षं पुरी केली, समाजशास्त्राची डिग्री घेतली आणि मग बाहेर पडला. जानेवारी २००९ मध्ये चेन्नई ओपनचं वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न बघता थेट प्रवेश, मिळालं, तर मोया आणि कार्लोविच अशा बड्या खेळाडूंना हरवून गडी फायनलला! २०११ साली जगात ६२वा. आता गंमत बघ. २००७ च्या त्या कॉलेज फायनलमध्ये त्यानं ज्याला हरवलं, तो जॉन इस्नर पुढं आठव्या नंबरापर्यंत गेला. आणि सोमदेवला ऐन भरात, २०१२ मध्ये, खांद्याच्या दुखापतीनं घरी बसवलं. तेव्हा कॉलेजची ट्रॉफी बघून कोण कुठवर जाईल हे मला सांगता येत नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्या अकादमीची फी आधी विचार.

मला काळजी तुझ्या बॅकहँडची नाही. गेल्या हंगामात तू किती मॅच हरलास? दोन. बत्तीस जणांच्या ड्रॉमध्ये एकतीस जण हरूनच घरी जातात, आणि हे दर आठवड्याला. कॉलेजात हरलास तरी बसमध्ये टीम असायची, कुणीतरी चिडवायचं, रात्री ढाब्यावर विषय संपायचा. इथं मंगळवारी सकाळी पहिल्या फेरीत हरलास की लॉजच्या खोलीत तू आणि पंखा. मग बुधवार ते शनिवार तू काय करतोस, ते मला कळव. प्रॅक्टिसला जोडीदार शोधतोस, की मोबाईलवर दुसऱ्यांचे स्कोअर बघत लोळतोस? मी तुला त्यावरून ओळखणार.

माझं सांगतो. तेव्हा सॅटेलाईट नावाच्या छोट्या प्रोफेशनल स्पर्धा असायच्या, सलग चार आठवड्यांच्या. क्वालिफायिंगसाठी, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्याच्या फेरीसाठी, आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सही करावी लागे. माझी एसटी घाटात बंद पडली. मी सव्वासहाला पोचलो, वही सहाला मिटली होती. रेफरीनं घड्याळाकडं बोट दाखवलं, बाकी एक शब्द नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण मी फेन्सिंगला टेकून दोन दिवस दुसऱ्यांच्या मॅच बघत राहिलो आणि परत आलो. आता एंट्री ऑनलाइन असते, तरी दोन आठवड्यांहून आधी बंद होते. ती तारीख तू बघायची, आईनं नव्हे.

आता पैसे. एम-१५ म्हणजे प्रोफेशनल टेनिसची सगळ्यात खालची पायरी. त्या स्पर्धेचे पंधरा हजार डॉलर म्हणजे सगळ्यांचे मिळून. जिंकणाऱ्याला दोन हजारांच्या थोडं वर आणि रँकिंगचे पंधरा पॉइंट, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास, त्यातून टॅक्स कापून. तिकीट, लॉज, जेवण, रॅकेटचं गटिंग म्हणजे तारा, सगळं वजा कर, काय उरतंय बघ. आणि मिळवलेला पॉइंट बावन्न आठवड्यांनी गळून पडतो. बाबा येळ्ळूरच्या शिवारातले दहा गुंठे विकायला निघालेत असं ऐकलं. त्यांना माझा निरोप सांग, जमिनीला हात लावायचा नाही. दोन वर्षांचा खर्च आधी कागदावर मांडू. आधी जवळच्या स्पर्धा धर. २०२३ मध्ये धारवाडला आणि कलबुर्गीला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा झाल्या. धारवाड आपल्याला दीड तासाचं, घरचा डबा घेऊन जाता येतं.

डबल्स सोडू नकोस. कॉलेजात तू टीमसाठी खेळायचास आणि नेटवर तुझा हात चांगला आहे, हे सिंगल्सच्या नादात विसरशील. आपल्याच राज्यातला, कोडगूचा रोहन बोपण्णा २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. सिंगल्समध्ये तो पहिल्या दोनशेतही कधी नव्हता.

'आपलं राज्य' लिहिलं, त्यावर तुझा काका पुन्हा वाद काढणार. पुण्याच्या बालेवाडीत आपण कर्नाटकवाले, बेंगळुरूत गेलो की मराठी. तू त्यात पडू नकोस. ड्रॉच्या कागदावर तुझ्या नावापुढं तीनच अक्षरं असतात, इंडियाची.

शनिवारी सकाळी साडेपाचला कोर्टवर ये. शंभर पानी वही आण, खर्च मांडायला बसू. रोलर ओढणारा माणूस गावी गेलाय, तेव्हा आधी दोघांनी मिळून कोर्ट दाबू.

तुझा,
सर