क्रूझ सेट होत नाही? आधी ब्रेकचा स्विच बघा

प्रश्न: गाडी मॅन्युअल आहे. एक्सप्रेसवेला लागलो की क्रूझ कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) लावायची सवय, पण महिना झाला, बटण दाबलं की दिवा लागतो, सेट मात्र होत नाही. गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंगची बटणं बदला. बदलू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: थांबा हो, एवढ्यात खर्च करू नका. दिवा लागतोय म्हणजे मेन बटण तरी जिवंत आहे, आणि माझा पहिला संशय ब्रेक पेडलच्या वरच्या त्या छोट्या स्विचवर आहे, कारण बऱ्याच गाड्यांत त्यात दोन कॉन्टॅक्ट असतात, एक मागचे लाल दिवे लावतो आणि दुसरा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो की ब्रेक दाबलाय, त्यामुळे दिवे नीट लागत असले तरी दुसरा बिघडला की ईसीयूला वाटतं पाय ब्रेकवरच आहे आणि तो क्रूझ धरतच नाही. क्लचच्या स्विचचंही तेच.

गाडीला स्कॅनर लावून लाईव्ह डेटा (ईसीयूला त्या क्षणी काय दिसतंय ते) बघायला सांगा, नुसते बिघाडाचे कोड नकोत. पेडलवरून पाय पूर्ण काढा. तरी स्क्रीनवर ब्रेक किंवा क्लच 'दाबलेला' दिसला तर चोर सापडला. सेट दाबल्यावर तिथे काहीच हललं नाही तर मात्र गॅरेजवाला बरोबर. हॉर्नही बंद किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न आणि एअरबॅग जोडणारी गुंडाळलेली वायर) तपासा, पण ते घरी उघडू नका, एअरबॅग असते तिथे. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला असेल तर चाकाचा सेन्सर तपासा.