साताऱ्यात पाच जणांच्या कुटुंबासाठी डिझायर, अमेझ की जुनी होंडा सिटी? आई-वडिलांना गुडघ्याचा त्रास, महिन्यातून दोनदा पुणे, सणासुदीला सांगली. बजेट ऑन-रोड ११-१२ लाख.

आधी माझं मत: नवीन घ्यायची तर अमेझ, मॅन्युअल. रोजचं रनिंग जास्त असेल आणि सीएनजी हवाच असेल तर डिझायर. जुनी सिटी फक्त सर्व्हिसचे सगळे कागद हातात आले तर. आता कारणं.

आपल्याकडे सेडानचा खरा प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही, पोटाचा आहे. पाच माणसं, डिक्कीत सामान आणि समोर गावाच्या तोंडाशी कुणीतरी हौसेने घातलेला स्पीडब्रेकर. तिथे गाडी बंपरला नाही, मधोमध घासते. म्हणून नुसता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, बघून चालत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितकं लांब तितकं पोट लवकर टेकतं. क्लिअरन्सला व्हीलबेसने भागा. डिझायर: १६३ मिमी आणि २.४५ मीटर, म्हणजे मीटरमागे साधारण ६६.५. अमेझ: १७२ आणि २.४७, जवळपास ६९.६. सिटी: १६५ आणि २.६, फक्त ६३.५. तुलनेसाठी आणखी एक सेडान, स्कोडा स्लाव्हिया: क्लिअरन्स सगळ्यांत जास्त, १७९. पण व्हीलबेस २.६५ असल्याने हिशेब ६७.५ वरच येतो. आकडा मोठा तितकी गाडी निर्धास्त.

हे झालं कागदावर. ब्रोशरमधला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. टेस्ट ड्राइव्हला टेप घेऊन जा. रिकाम्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा, मग घरची पाचही माणसं बसवून पुन्हा मोजा. दोन्ही फरकांची जी सरासरी येईल, तेवढी गाडी मध्यभागी खाली बसली. हे मोजमाप सेल्समनला विचित्र वाटेल, वाटू द्या.

आणि गाडी कोणतीही घ्या, स्पीडब्रेकरवर ब्रेक दाबून ठेवू नका. ब्रेकने नाक खाली जातं आणि नेमकं तेव्हाच लागतं. आधीच वेग कमी करा, चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा. भरलेल्या गाडीत हवाही वाढवावी लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो, मागच्या चाकांना बहुतेक जास्त. पंपवाला सवयीने चारी चाकांत सारखीच भरतो.

गुडघ्यांचं. सेडानमध्ये माणूस बसत नाही, उतरतो. आणि बाहेर येताना चढतो. आईंच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. सीटची कड त्याहून फार खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येणार. तीन गोष्टी तपासा: दार किती उघडतं, उंबरठ्यावरून पाय किती उचलावा लागतो, आणि वर धरायला हँडल आहे का. दोघांनाही मागच्या सीटवर पाच वेळा बसवा-उठवा. एकदा बसून ‘बरं आहे’ असं सगळेच म्हणतात. पाचव्या वेळेला चेहरा बघा. तिथे त्रास दिसला तर सेडानचा हट्टच सोडा आणि उंच सीटची हॅचबॅक बघा, डिक्की लहान मिळाली तरी.

मागे तीन मोठी माणसं? डिझायरची रुंदी १७३५ मिमी, अमेझची १७३३. दोन्हींत मधल्याचे खांदे आखडतात, पुण्यापर्यंत निभेल. स्लाव्हिया १७५२ असली तरी मध्ये जमिनीला उंचवटा आहे, मधल्याचे पाय फाकतात.

घाट. डिझायरला १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८२ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) आसपास. अमेझला चार सिलिंडर, ९० पीएस. पण अमेझचा ११० एनएमचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ४८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे भरल्या गाडीत ती खालच्या आरपीएमला मेल्यासारखी वाटते. चूक इंजिनची नाही, गियर उशिरा पाडणाऱ्याची. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढा, एसी चालू, माणसं भरलेली. वळणाआधीच दुसरा टाका आणि इंजिन ओरडू द्या. उतरतानाही दुसराच; नुसत्या ब्रेकवर पसरणीसारखा घाट उतरलात तर वाईला पोचेपर्यंत ब्रेक तापून पेडल मऊ पडू शकतं.

ऑटोमॅटिक हवीच असेल तर डिझायरची एएमटी (मॅन्युअलसारखेच गियर, पण मशीन बदलतं) आणि अमेझची सीव्हीटी (ठरावीक गियरच नाहीत) एकामागून एक चालवा. एएमटी चढावर दोन गियरांमध्ये घुटमळते, मॅन्युअल मोडला टाकली की सुधारते. सीव्हीटी गुळगुळीत, पण जोर मागितला की आवाज आधी, वेग मागून.

डिक्की: डिझायर ३८२ लिटर, अमेझ ४१६, सिटी ५०६. डिझायर सीएनजीत मात्र टाकीच डिक्कीत बसते, म्हणजे सणाच्या बॅगा मांडीवर. शिवाय सीएनजीवर ताकद ७० पीएसपर्यंत उतरते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते.

पैशांचं गणित: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४०. डिझायर आणि अमेझ दोन्ही ३९९५ मिमीच्या का आहेत ते यावरून कळेल. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. स्लाव्हिया या १० लाखांच्या रेषेच्या आसपास घुटमळते, म्हणून तुमच्या बजेटमध्ये तिचं खालचंच मॉडेल बसेल. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर खोडायला सांगा. विमा बाहेरून घेता येतो. बाहेरचं एक कोटेशन आधी काढून ठेवलं की शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो.

जुनी सिटी बघायला गेलात तर आधी रॅम्पवर चढवून घ्या. ऑइल चेंबर आणि सायलेन्सरवर ओरखडे, पत्रा दबलेला दिसला तर तिने बरेच स्पीडब्रेकर पोटाने मोजलेत. सीव्हीटी असेल तर तिचं ऑइल बदलल्याची पावती मागा. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडी २०२१ ची आणि टायर २०१९ चा असेल तर कधीतरी जुना टायर चढवलाय. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर थकीत चलन आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मिळेपर्यंत टोकनही देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा.

उसाच्या हंगामात रात्रीचं सांगली बरंच होणार असेल तर हेडलाइट अंधारात लावून बघा. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली लो बीमला किती लांबून दिसेल, ते दुपारच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही.